चमक मारणारा हात

गाडीला दोन दारं आहेत, दोन सीट आहेत आणि छत कापडाचं आहे. बॉडी फायबरची, त्यामुळे तिला गंज चढत नाही, तडे जातात. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे पत्र्याच्या शेडखाली ती अकरा वर्षं उभी होती. डॉक्टर मुलाकडे राहायला निघाले तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तू ओळखीच्या लोकांत वाटून टाकल्या. बायकोनं मला त्यांच्याकडे शिलाई मशीन आणायला पाठवलं होतं. मशीन सकाळीच कुणीतरी नेलं होतं. मी लोडिंग ऑटोला दोर बांधून गाडी घेऊन आलो.

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गाडीच्या सीटमधून उंदरांचं घर काढलं आणि बोलायला सुरुवात केली. जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओमती भागातला एक मेकॅनिक घरी येऊन इंजिन सुरू करून गेला. त्याला बारा दिवस लागले. कापडी छत फाटलं होतं. ते शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एका कारागिराकडे दिलं. छत मजबूत शिवून आलं, पण आतल्या बाजूला एक छोटा पारदर्शक खिसा होता, दप्तरावर मुलाच्या नावाची चिठ्ठी ठेवायला असतो तसा. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, हात चलता गया. त्या वेळी मला हे उत्तर विचित्र वाटलं होतं.

राहिला रंग. रंगाचं नाव निघताच माझ्या बायकोचे मोठे भाऊ आले. त्यांना मीही दादाच म्हणतो. ते गढा भागातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. गेल्या वर्षी फॅक्टरीतून रिटायर झाले. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं की फौजेचं सामान बनवणारी, हे वेगळं सांगावं लागत नाही. दादा चौतीस वर्षं रंग विभागात होते. ट्रक त्यांच्यापुढे येत, ते हिरवे करत, ट्रक पुढे जात.

पहिल्याच संध्याकाळी दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हे काम मी करणार, असं सांगितलं. कारण त्यांनी मला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं, आणि तिनं मला. लग्न ठरलं तेव्हा वहिनींनी त्यांना विचारलं होतं, तुम्ही गाड्या रंगवता तर मी त्यातल्या कोणत्या गाडीत बसू? त्यांनी रंगवलेल्या गाड्या फॅक्टरीच्या फाटकातून थेट मालगाडीवर चढत. चौतीस वर्षांत वहिनी एकाही गाडीत बसल्या नाहीत. दरम्यान त्या शाळेत शिक्षिका झाल्या, स्वतःची छोटी कार घेतली आणि वीस वर्षं ती चालवून रिटायर झाल्या. दादा स्कूटरवरच राहिले. चारचाकी चालवायला ते शिकलेच नाहीत. आता त्यांना एकदा, फक्त एकदा, आपण रंगवलेल्या गाडीत वहिनींना बसवायचं होतं.

ठरलं असं की वहिनी चालवतील, दादा शेजारी बसतील आणि दोघं नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत जाऊन येतील. सीट दोनच असल्यामुळे माझा प्रश्न आपोआप मिटला.

वहिनींची एक अट होती. कागदपत्रांवर गाडीचा रंग लाल लिहिलेला होता, त्याबद्दल वाद नव्हता. त्या म्हणाल्या, "लाल आणि चकाचक. मंद रंगाच्या गाडीत मी बसत नाही. फौजेत भरती होऊन राहिली काय मी?"

दादा म्हणाले, चकाचकच करतो.

तडे भरण्यात आणि घासण्यात तीन आठवडे गेले. पुट्टी लावायची, सुकू द्यायची, पॉलिशपेपरनं घासायची, पाणी मारायचं, तळहात फिरवून बघायचं, परत पुट्टी लावायची. दादा डोळे मिटून तळहात फिरवत. एका दाराचा एक कोपरा त्यांनी सहा वेळा केला. मला सहाही वेळा तो सारखाच वाटला.

रंगात धूळ आणि किडे बसू नयेत म्हणून पोर्चमध्ये तंबू हवा होता. डबल बेडच्या दोन जुन्या मच्छरदाण्या जोडून तो केला. जोडणी बायकोनं हातानं शिवली, आणि शिवताना घरात शिलाई मशीन नसल्याचं प्रत्येक टाक्याला नमूद केलं. फरशी ओली केली. कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची बंदूक भाड्यानं आणली. थंडीचे दिवस होते, त्यामुळे फवारणी अकरा ते दोन या वेळेतच करायची असं दादांनी ठरवलं.

पहिल्या दिवशी लाल रंगाचे हात झाले आणि त्यावर चमकेसाठी पारदर्शक लॅकर. अडीच वाजता मच्छरदाणीतून पाहिलं तर बोनेटमध्ये शेजाऱ्यांचं जांभळाचं झाड पानांसकट दिसत होतं. शेजारी स्वतःही आले. त्यांनी "सूख गई क्या, भाईसाहब?" असं विचारलं आणि उत्तर येण्याआधी बोट लावून खात्री करून घेतली. तो ठसा दादांनी नंतर काढला. पण ती त्या दिवसाची मुख्य घटना नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन पोर्चमध्ये गेलो. गाडी मंद होती. जांभळाचं झाड गेलं होतं. दादा पाण्याची बादली आणि पॉलिशपेपर घेऊन डिकीपर्यंत पोहोचले होते. मी विचारलं तर म्हणाले, लॅकरवर घासावं लागतं, त्याशिवाय पॉलिश होत नाही. हे खरं आहे. मी इतरांनाही विचारून खात्री केली. म्हणून मी दोन दिवस थांबलो आणि मग पॉलिश कधी करणार असं विचारलं.

दादा म्हणाले, "झाली."

वहिनी आल्या. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि गाडीकडे बघितलं.

"अहो, विटेला चाकं काहून लावली?"

दादांनी आधी बचाव केला. डोळ्यांना त्रास होत नाही, धूळ दिसत नाही, उन्हात बरी वाटते. मग त्यांनी खरं सांगितलं. फॅक्टरीत चमक हा दोष होता. चमकणारी गाडी दुरून दिसते, आणि ती दुरून दिसू नये यासाठीच हे काम असे. तपासणारा साहेब खडू घेऊन येई. जिथे चमक दिसेल तिथे गोल करी, आणि तेवढा भाग परत रंगवावा लागे. दादांच्या गाड्यांवर शेवटची कित्येक वर्षं एकही गोल नव्हता. आता लाल बोनेट चमकताना पाहिलं आणि त्यांना त्यावर गोल दिसू लागले. पहाटे डोळा उघडला तेव्हा पहिला विचार खडूचा आला. इथे कोणताही साहेब येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. घासून झाल्यावर मात्र त्यांना बरं वाटलं.

वहिनींनी अट बदलली नाही.

दुसऱ्या खेपेआधी बायकोनं घरातले सगळे पॉलिशपेपर गोळा करून पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. या वेळी घासण्याचा प्रश्न नव्हता. दादांनी पुन्हा लाल मारला, पुन्हा लॅकर मारलं. गाडी बंदुकीतूनच मंद बाहेर आली. हात फिरवला तर खरखरीत लागत होती. दादांना कारण कळेना. लॅकर तेच, बंदूक तीच, ऊन तेच. त्यांनी दुकानदाराला दोष दिला. दुकानदारानं थंडीला दिला.

कारण मला मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत सापडलं. बोनेटच्या सुरुवातीला बंदूक गाडीपासून वीतभर अंतरावर होती. लॅकर ओलं पडू लागलं, पृष्ठभाग चमकायला लागला, आणि त्या क्षणी दादांचं कोपर मागे सरकलं. दारापर्यंत येता येता बंदूक दीड हात लांब गेली होती. इतक्या लांबून लॅकर हवेतच सुकतं आणि पिठासारखं येऊन बसतं. फॅक्टरीत चमक मारण्याचा हा एक मार्ग असावा. दादांनी व्हिडिओ तीन वेळा पाहिला. चौथ्यांदा त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

उपाय म्हणून आम्ही गाडी ढकलून भिंतीजवळ नेली. भिंत आणि गाडी यांच्यात माणूस उभा राहील एवढीच जागा सोडली, म्हणजे मागे जायला वाव नाही. रिकाम्या बंदुकीनं तालीम केली. दादांची पाठ भिंतीला टेकली, पाय जागेवर राहिले आणि खांद्यापासून वरचा भाग हातासकट मागे वाकला, समोरचा माणूस शिंकणार असल्यासारखा. बायको म्हणाली, राहू दे दादा, मी रंगवते. दादा खुर्चीवर जाऊन बसले. मग म्हणाले की गाडी आहे तशी घेऊन टाका, भाऊजी, मला नाही जमणार. त्या रात्री ते आमच्याकडे जेवायला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला वहिनी स्कूटरवर मागे बसून आल्या. पुढे दादा होते. ते स्वतःहून आले नव्हते, हे दिसत होतं. गाडी आम्ही भिंतीपासून पुन्हा मध्ये, मच्छरदाणीखाली ढकलून आणली. वहिनींनी पदर खोचला, नाकावर रुमाल बांधला, माझं हेल्मेट मागून घेतलं आणि डोक्यात घालून काच खाली केली. मग त्या दादांबरोबर मच्छरदाणीत शिरल्या. दादांच्या मागे उभ्या राहून त्यांनी उजवा तळहात त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला. डावा हात त्यांच्या कोपराखाली.

"चला. मारा."

लॅकर ओलं पडलं. चमक आली. कोपर मागे निघालं आणि वहिनींच्या हातावर अडलं.

"काहून मागे सरकून राहिले तुम्ही?"

"मी कुठं सरकून राहिलो? हात सरकून राहिला."

"हाताला सांगा, बाई मागे उभ्या आहेत."

वीस वर्षं त्यांनी तिसरीच्या वर्गाला सांभाळलं होतं. दोघं एकेक पाऊल बाजूला सरकत गाडीभोवती फिरू लागले. बोनेट झालं, दार झालं, डिकी झाली. तोंडावर मास्क लावलेला माणूस पुढे, हेल्मेट घातलेली बाई मागे, भोवती मच्छरदाणी. फाटकाबाहेर लोक जमले. लॅकरचे तीन हात द्यायचे होते, शिवाय त्याआधी लालचा एक, म्हणजे गाडीला चार फेऱ्या. बोट लावणारे शेजारी मोजत होते. चौथी संपल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चार हो गए, तीन फेरे बाकी हैं." दादांच्या खांद्यांवरून ते हसत असल्याचं समजलं. हात मात्र वीतभर अंतरावरच होता.

पावणेदोनला जांभळाचं झाड बोनेटमध्ये परत आलं.

लॅकर पक्कं होईपर्यंत दोन दिवस दादांना गाडीपासून लांब ठेवायचं ठरलं. वहिनी त्यांना घरी घेऊन गेल्या आणि स्कूटरची चावी स्वतःकडे ठेवली. दादांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. स्वयंपाकघरातला साखरेचा स्टीलचा डबा मंद सापडला होता. त्यांनी तो दादांना काही न बोलता कपाटात मागे सरकवला आणि मला सांगितलं की बोनेट सुखरूप असेल तर डबा गेला तरी चालेल.

रविवारी सकाळी दहाला दोघं निघाले. छत उघडं होतं. वहिनी स्टिअरिंगवर, दादा शेजारी इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा भाजीवाल्यानं वजन करणं थांबवलं. एक मोटरसायकलवाला वळून परत आला. मी आणि बायको फाटकाशी उभे होतो.

एक तास दहा मिनिटांनी ते परत आले. गाडीला ओरखडा नव्हता. वहिनींनी इंजिन बंद केलं आणि मला सांगितलं, गाडी छान पळते, फक्त ब्रेक जरा लवकर दाबावा लागतो. दादांना हे ऐकायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, रंग कसा वाटला.

"मी रस्ता पाहू का रंग पाहू? खड्डे केवढे आहेत. तुम्ही सांगा ना, तुम्ही तर रिकामे बसले होते."

रस्त्यावरचा प्रत्येक माणूस गाडीकडे बघत होता म्हणून दादांनी ग्वारीघाटापर्यंत आणि तिथून परत मान खाली घातली होती. त्यांना फक्त पायांखालची मॅट दिसली होती.

वहिनी उतरल्या. त्यांनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली आणि बोनेटपाशी थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग दादांकडे वळल्या.

"चांगला झाला. पण मी यात अजून बसली नाही."

"आत्ता काय करून राहिली होतीस?"

"ड्रायव्हरी. बसणं म्हणजे बाजूला बसणं. तुम्ही रंगवलेल्या गाडीत तुम्ही मला बसवणार होते, का मी तुम्हाला?"

मी त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आणतो, असं सुचवलं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही मध्ये पडू नका. दादा गाडीच्या दारावर तळहात ठेवून उभे होते, आणि या वेळी डोळे उघडे होते.

सोमवारी त्यांनी मोटार ट्रेनिंगच्या क्लासला नाव घातलं. लर्निंग लायसन्स मिळालं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते रोज सकाळी सातला क्लासच्या पांढऱ्या गाडीत बसतात. क्लच जमला, उजवीकडचं वळण जमलं, रिव्हर्स बरा आहे. शिकवणाऱ्याची एकच तक्रार आहे. रस्त्यावर आले की ते एखादा मोठा ट्रक शोधतात आणि त्याच्या मागे राहतात. ट्रक वळला की हेही वळतात, मग जायचं कुठेही असो. तिथे कोणी बघत नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं.

पक्क्या लायसन्सची परीक्षा मंगळवारी आहे. वहिनींनी शेजारच्या सीटवर बसायची साडी काढून ठेवली आहे. परीक्षेच्या मैदानात ट्रक नसतो, हे आम्ही दादांना अजून सांगितलेलं नाही.