डावीकडे घेतलेला तुकडा

पोर्ट इसाबेलात चोनिताच्या टाकोच्या गाडीवर महिनाभर एकच गोष्ट चघळली गेली. तेयो कांतूची पोरगी म्हणे जेवताना बापाला रॉकेट कंपनीची गुपितं सांगते, आणि बाप ती कॅमेरेवाल्यांना विकतो. चोनिता तर शपथेवर सांगायची, की पोरगी सूप वाढता वाढता टेबलावर आराखडे पसरते. चोनिता शपथ घेते ती न पाहिलेल्या गोष्टीचीच, हे गावाला ठाऊक होतं. पण गोष्ट चवदार होती, आणि टाकोबरोबर फुकट मिळत होती.

तेयोने चाळीस वर्षं कोळंबीच्या बोटींची जाळी शिवली. मग बोटीच संपल्या. बंदरात उरल्या त्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवणाऱ्या, आणि डॉल्फिन बघायला जाळं लागत नाही. लेक इदालिया, घरातली दाली, लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून फाटकी जाळी सांधायची. दोघांचे हात चालायचे आणि तोंडं त्याहून जोरात. पुढे किनाऱ्यावरच्या वाळूत, उडून परत येणारं रॉकेट बांधणारी कंपनी आली आणि दालीला तिथे काम लागलं. रॉकेट खाली येताना भाजून निघू नये म्हणून त्याच्या पोटावर काळ्या षटकोनी फरशा बसवायच्या. पहिल्याच दिवशी कंपनीने सही घेतली, की आतलं बाहेर बोलायचं नाही. दाली शब्दाची पक्की.

"काय केलंस गं आज?" तेयो जेवताना विचारायचा.

"काम."

"कसलं?"

"अपा, मीठ द्या."

तीन वर्षं तेयोच्या वाट्याला फक्त मीठ देणं आलं.

म्हणून तो बोटीवरची जुनी दुर्बीण घेऊन रस्त्यावर जाऊ लागला. बांधणीच्या शेडमधून रॉकेट उड्डाणाच्या तळाकडे नेतात तो रस्ता सरकारी, कुणीही उभं राहावं. तिथे कॅमेरेवाल्यांचा तांडा खुर्च्या टाकून बसलेला असतो. नवं रॉकेट बाहेर आलं, की मागच्यापेक्षा त्यात काय बदललं हे जो आधी ओरडेल तो त्या दिवसाचा राजा. पंख वीतभर वर सरकला, एक नळी कमी झाली, यावरून चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांशी अबोला धरतात. ओहायोहून आलेला वेंडेल त्यांचा म्होरक्या. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग तोफेएवढं.

तेयोला राजा व्हायचं नव्हतं. तो फरशांना खवले म्हणायचा, आणि त्या खवल्यांत लेकीचा हात शोधायचा. तो सापडलाही. पंखाच्या बिजागरीपाशी ओळ वळते, तिथे अख्खी फरशी मावत नाही, कापलेला तुकडा घालावा लागतो. सगळीकडे तो तुकडा उजवीकडे होता, एकाच कोपऱ्यात डावीकडे. जाळ्याच्या भोकाला वळसा घालताना दाली अर्धं घर, म्हणजे विणीचा अर्धा चौकोन, नेहमी डावीकडे घ्यायची, कितीही ओरडा खाल्ला तरी. तेयोने वहीत तो कोपरा काढला आणि खाली तारीख घातली. पुढे प्रत्येक रॉकेटचा कोपरा त्या वहीत गेला.

मार्चमध्ये नवं रॉकेट निघालं. तेयोने दुर्बीण लावली, आणि थर्मासमधली कॉफी बुटावर सांडली. चारही बिजागऱ्यांपाशी झाडून सगळे तुकडे डावीकडे! लेकीची खोड कंपनीने उचलली होती.

"बदललं!" तो ओरडला. "कोपरे बदललेत! तुकडे डावीकडे घेतलेत!"

वेंडेलने तोफ फिरवली, बराच वेळ पाहिलं. "च्यायला, खरंच की. आम्ही सगळे इंजिनांकडे डोळे लावून बसलो. म्हाताऱ्या, तुला नेमकं तिथेच बघायचं कसं सुचलं?"

इथे 'डोळे आहेत' म्हणून गप्प बसायचं. पण तीन वर्षं नुसतं मीठ पुढे करणाऱ्या बापाला ते कसं जमावं? तेयोने मिशीवरून हात फिरवला.

"आमच्या घरचंच काम आहे ते."

वेंडेलचा कॅमेरा चालू होता.

वेंडेल वाईट माणूस नव्हे. गंमत म्हणूनच त्याने ते वाक्य जगाला ऐकवलं. तिसऱ्या दिवशी दाली भरदुपारी घरी आली. हातात खोकं, खोक्यात कामाचे बूट आणि पाण्याची बाटली. ते वाक्य ऐकून कंपनीने तिला काढलं होतं.

"अपा, मी तुम्हाला कधी एक शब्द तरी सांगितला?"

"नाही गं बाई."

"मग ते त्यांना जाऊन सांगा."

तेयो इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन फाटकावर गेला. तासभर उन्हात उभं राहिल्यावर एक तरुण साहेब बाहेर आला. तो पानं उलटत गेला, तसा त्याचा चेहरा आक्रसत गेला.

"काका, हे सगळं रस्त्यावरून पाहिलंत?"

"हो."

"एवढं रस्त्यावरून दिसत नाही."

"जाळं शिवलेल्याला दिसतं. चला, दाखवतो."

साहेब आला नाही. वही मात्र ठेवून घेतली, पुरावा म्हणून. लेकीला सोडवायला नेलेल्या वहीनेच तिला पुरतं बुडवलं. फाटकावरचा पहारेकरी चोनिताचा भाचा. संध्याकाळपर्यंत गाडीवर बातमी शिजली होती: तेयोला आराखड्यांच्या वहीसकट पकडलं!

दालीला या किनाऱ्यावर पुन्हा कुणी कामाला ठेवलं नाही. ती सान अँटोनिओला गेली. तिथे न्हाणीघरांच्या फरशा बसवते. रविवारी फोन येतो. आता सहीबिही काही नाही, हवं तेवढं बोलता येतं.

"काय केलंस गं?"

"काम."



ते रॉकेट उडालं आणि परतही आलं. "तुझे कोपरे टिकले रे!" म्हणत वेंडेलने तेयोच्या पाठीत थाप मारली. पुढचं रॉकेट निघालं तेव्हा सगळे तेयोकडे वळले. त्याने दुर्बीण लावली. सगळे तुकडे डावीकडेच होते, सगळेच आता तसे बसवत होते. त्यात दालीचा हात शोधण्यात अर्थ उरला नव्हता.

"काय बदललं?" वेंडेलने विचारलं.

"काही नाही," तेयो म्हणाला, आणि दुर्बीण पिशवीत घातली.

चोनिता अजून शपथ घेते. इदालियाने बापाला कामाबद्दल कधीही एक शब्द सांगितला नव्हता, आणि बापाने कुणाला काही विकलं नव्हतं. त्याने जे पाहिलं ते रस्त्यावरून पाहिलं होतं.