भंडारा रोडवरचे दगड

१९७४ साली माझं लायसन निघालं, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. गाडी चालवायची म्हणजे पळवायची, एवढीच माझी अक्कल. म्हणून वडिलांनी मला शेजारच्या नत्थूजींच्या हवाली केलं. तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेला हा माणूस भलताच कटकट्या होता.

तेव्हा भंडारा रोडवर ट्रक बंद पडला की ड्रायव्हर त्याच्या मागे मोठाले दगड मांडायचे, येणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून. ट्रक सुरू झाला की निघून जायचे. दगड तिथंच. असे दगड दिसले की नत्थूजी मला आमची जीप थांबवायला लावत. "उतर गा. उचल ते."

एका दुपारी चौथ्यांदा उतरायची पाळी आली आणि माझं डोकं फिरलं. "ज्यानं ठेवले त्याले उचलू द्या ना. मी काहून उचलू?"



"त्यानं नाही उचलले," नत्थूजी म्हणाले. "मौद्याजवळ माह्या ट्रकचा टायर फुटला होता. टायर बदलला अन् घरी जायच्या घाईत दगड तसेच टाकून निघून आलो. दिवेलागणीले माहा पोरगा मोटारसायकलवर त्याच रस्त्यानं आला."

मी उतरलो. दगड उन्हानं तापले होते. शेवटचा उचलत होतो, तेव्हा ते मागून म्हणाले, "त्याचंही लायसन नवंच होतं."