बारा म्हणजे बराबर

तन्वी, ईशान... तुम्ही फोनवर मला इथले गूढ किस्से वाचून दाखवता आणि विचारता, "आजी, तुला आलाय का असा अनुभव?" मी दरवेळी "नाही" म्हणते. ते खरं नव्हतं.

मी चोवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा तारखेची चिठ्ठी लावल्याशिवाय फडताळात जात नाही. अमावस्येला मी खुशाल नवी साडी नेसते. भुताखेतांसाठी मला कधी वेळच नव्हता. तेव्हा घडलं तेवढंच लिहिते.

साल दोन हजार, एप्रिल महिना, जालना. तुमच्या आजोबांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा होता. बिघाड काय आहे, हे तो दिवाच सांगायचा — बॉनेटखालच्या सॉकेटची दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची, चावी फिरवायची आणि दिवा कसा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे बारा. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी वाचलेलं, म्हणून मोजणं माझ्याकडे. आजोबा वायर धरायचे, मी आत बसून वहीत लिहायचे.

हे आम्हाला जुन्या जालन्यातल्या सलीम मिस्त्रीने शिकवलं. पहिल्यांदा "बारा आला" म्हणाला तेव्हा आजोबांचा चेहराच उतरला.

"म्हणजे बारा वाजले?"

"न्हाई हो साहेब. बारा म्हंजे बराबर. काहीच फॉल्ट न्हाई."

"आमच्याकडे उलटं असतं रे."

"मंग काय करता? गाडीला मराठी येत न्हाई."

तेव्हापासून आमच्या घरात सगळं ठीक असलं की "बारा" म्हणायची पद्धत पडली.

तन्वी, तुझी आई तेव्हा धावड्याच्या शाळेत शिकवत होती. बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण परीक्षा संपवूनच येते, म्हणून अडून बसली. मंगळवारी सकाळी साडेसहाला तुझ्या बाबांचा फोन आला. "आई, शोभाला कळा सुरू झाल्यात. गावातल्या दोन्ही जीप लग्नाच्या वऱ्हाडात गेल्यात... तुम्ही या."

आजोबांनी गाडी काढली. ती दोनदा सुरू झाली, दोनदा बंद पडली. शेजाऱ्यांची जीप होती, पण ती नऊला परत येणार. आता निघावं की नऊपर्यंत थांबावं? वाटेत गाडी बंद पडली तर शोभाला भर रस्त्यात घेऊन बसायचं... आमच्याकडे मोबाईल नव्हते तेव्हा.

"अहो, वायर लावा," मी म्हटलं.

पत्र्याच्या शेडमध्ये अंधुक उजेड होता. मी चावी फिरवली. पिवळा दिवा लुकलुकला. एक... दोन. थांबला. एक... दोन. तिसऱ्यांदाही तेच. मी लिहिलं — "६.५०, बारा."

"किती गं?"

"बारा."

"बराबर!" म्हणत आजोबांनी बॉनेट आपटलं.

तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. धावड्याला जाऊन, शोभाचं डोकं मांडीवर घेऊन साडेदहाला आम्ही जालन्याच्या दवाखान्यात पोचलो. गाडीने साधा आचका दिला नाही. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "नाळ गळ्याभोवती होती. तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." ते बाळ म्हणजे तन्वी, तू.

दोन दिवसांनी आम्ही सलीमला पेढे द्यायला गेलो.

"मुबारक हो बाई!" पेढा तोंडात टाकून त्याने पत्र्याचा डबा उघडला. "बरं झालं आलात. तुमचा बल्ब बसवायचा राह्यला."

"कसला बल्ब?"

"त्या पिवळ्या लाइटीचा. रविवारी मीटर खोलल्ता ना, तवा उडाल्याला दिसला. काढून ठेवल्ता. साहेबाला सांगायचंच इसरलो."

"अरे, परवा दिवा लागला. मी मोजला."

"कसा लागंल बाई?" त्याने मीटर बाहेर ओढून दाखवलं. बल्बची जागा रिकामी होती.

आजोबा म्हणाले, "तू दुसरा कुठला दिवा पाहिला असशील."

"बाकीचे लाल आहेत. आणि ते लुकलुकत नाहीत."

"घाबरली होतीस तू."

"घाबरले म्हणून मला नसलेले आकडे दिसत नाहीत, अहो."

सलीमने नवा बल्ब बसवला, वायर जोडली. आता तिघंही मोजत होतो. चार... दोन. पुन्हा चार... दोन. मी गाडीतल्या वहीत लिहिलं.

सलीमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बेचाळीस. सेन्सर गेल्ता बाई. अशी गाडी कुठंबी हुबी राहू शकते. धावड्याला कशी गेली अन् कशी आली?"

मी पुष्कळ विचार केला आहे. शेडमध्ये ऊन येत नव्हतं. चष्मा डोळ्यांवर होता. बल्ब जागेवर असता तर मला बेचाळीस दिसला असता, आणि मी आजोबांना नऊपर्यंत थांबवलं असतं. मी तशीच आहे.

ती वही कपाटात आहे. एका ओळीत "६.५०, बारा", तिच्या खालच्या ओळीत "बेचाळीस". दोन्ही माझ्याच अक्षरात. चुकलेलं खोडून टाकायची मला शाळेपासूनची सवय... पण यातलं खोडायचं कोणतं, ते मला अजून कळलेलं नाही.