आडोशापलीकडचा वारा

माझे बाबा आज सकाळी गेले. शेवटचे चार महिने मी त्यांना कोंडून ठेवलं होतं.

प्रेमाने ठेवलं होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही.

पेणजवळच्या खाडीवर त्यांची उभी हयात मिठागरात गेली. दमा वाढला तेव्हा मी त्यांना रोह्याला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टर म्हणाले, वाऱ्यापासून जपा. मी सगळ्या खिडक्या लावल्या. फटींना टेप मारली.

"खूप राबलास बाबा. आता निवांत राहा."

बाबा दाराकडे बघत बसायचे.

त्याच आठवड्यात माझ्या सदराची डेडलाइन होती. नेमका 'निवांत' याच शब्दावर लेख लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला.

संस्कृतात 'निवात' म्हणजे जिथे वारा पोचत नाही अशी जागा. 'निवांत' तिथूनच आला, असं मानतात. आधी जागा निवांत असायची, माणूस नंतर झाला.

बाबा हसले.

"त्याला पुस्तक कशाला लागतंय गो? आमी मिठाच्या राशीआड भाकरी खायाला बसायचो. तोच तुझा निवांत."

"मग इथेही तसंच आहे की!"

"तसं कसं? राशीच्या पल्याड वारा आसायचा. भाकरी खाल्ली का उठून वाऱ्यात. हितं उठून जाऊ कुठं? संडासात?"

मी खूप हसले. त्यांचं बोलणं लेखाच्या शेवटी घातलं, लेख वेळेत पाठवला. वाचकांना फार आवडला.

टेप तशीच राहिली.

गेल्या महिन्यात त्यांनी हट्टच धरला, म्हणून मी त्यांना ट्रेनने गावी घेऊन गेले. मिठागर आता बंद आहे. बाबा बांधाच्या आडोशाला दहा मिनिटं बसले, मग आपणच उठून वाऱ्यात उभे राहिले.

खोकल्याची उबळ आली. मी धावत जाऊन शाल गुंडाळली.

"मला हितंच ऱ्हाऊ दे."

"इथे तुला बघणार कोण?"

"कोन कशाला बगाया हवा?"

संध्याकाळच्या गाडीने परत आणलं. कासू गेलं, नागोठणे गेलं, बाबा मागे खाडीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर बाबा स्वतःच खिडकीशी गेले. नीट लागली आहे ना, हात लावून बघितलं आणि पलंगावर बसले.

तेव्हा मला बरं वाटलं होतं. आज त्याचीच लाज वाटते.

दुपारी त्यांना गावी नेतोय. ज्यांना यायचंय त्यांनी थेट खाडीवर यावं.

बाबा, या वेळी तुला परत आणणार नाही.