ब्रेक मारल्यावर काय हलतं?

"ब्रेक मारल्यावर हात हलत्यात का बूड?"

गाडी शेडसमोर थांबली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. समोर डॉक्टरीणबाई असोत, तलाठी असोत की मुख्याध्यापिका, प्रश्नात बदल नाही. स्टिअरिंग थरथरलं तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीट थरथरली तर मागच्या, एवढंच त्यांना हवं असे. पण हे शास्त्र ते नंतर सांगत. तोवर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

एकदा एका साखर कारखान्याचे संचालक आले. पांढरी भलीमोठी गाडी, स्वतः मागच्या सीटवर, काच अर्धी खाली. ड्रायव्हर म्हणाला, मला काही जाणवत नाही, साहेबांनाच जाणवतं. मिस्त्री काचेपाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "मग मागचं चाक असणार. सायेब, तुमच्या बुडाला लय कळतं." ही स्तुती आहे की नाही हे संचालकांचं ठरेपर्यंत मिस्त्री गाडीखाली गेले होते.

वाईहून सुरूरकडे जाताना डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं राखत, हे फौजेत जाऊन गाड्या दुरुस्त करायला शिकले आणि पेन्शन घेऊन इकडे स्थिरावले. विद्या मात्र वडिलांचीच, असं ते म्हणत. मेंढरू लंगडायला लागलं की बाप आधी पाय धरत नसे, लांब उभा राहून चाल बघे. मिस्त्रीही आधी बोनेट उघडत नसत. मालकाला गाडी चालवायला लावत, शेजारी बसत आणि डोळे मिटत. अनोळखी माणसाला वाटे, झोपले.

मी त्यांच्याकडे गेलो तो गाडीपेक्षा मैत्रीची तक्रार घेऊन.

पाचगणीच्या शाळेत मास्तर असलेल्या माझ्या जुन्या मित्राने त्याची गाडी मला विकली होती. घेऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. साताऱ्याच्या एका चकचकीत, काचांच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे मला कॉफी मिळाली, गाडीला नवे ब्रेक पॅड आणि आरशाला लटकवायला मोगऱ्याचा वास मिळाला. थरथर तशीच. तेव्हा मी मित्राला फोन केला आणि म्हणालो, "ठोकलेली गाडी रंगवून गळ्यात मारायला तुला मीच सापडलो का रे?"

त्याने फोन ठेवला. त्याला महिना झाला होता.

हे सगळं मी मिस्त्रींना तावातावाने सांगितलं. त्यांनी फक्त हात की बूड एवढं विचारलं, मी हात म्हणालो, आणि आम्ही फेरी मारून आलो. मग त्यांनी पुढची चाकं काढली. बेअरिंग हलवून पाहिली, ब्रेक ज्या चकतीला धरतो त्या डिस्कच्या मागचा गंज घासून काढला आणि घड्याळासारखा काटा असलेलं एक यंत्र डिस्कला टेकवून ती हाताने हळू फिरवली. काटा स्थिर राहायला हवा होता. तो डोलत होता. दोन्हीकडे. डिस्क वाकड्या झाल्या होत्या.

"बाकी कुटं मार न्हाई," ते म्हणाले. "गाडी घरी आली तवा ओवाळली असंल?"

ओवाळली होती. आईने चाकांवर पाणीही घातलं होतं, आणि तांब्याने नाही, बादलीने. गाडी घाट उतरून आलीय, पाय पोळले असतील तिचे, म्हणाली. चर्र आवाज होऊन वाफ आली, तेव्हा आम्हा सगळ्यांना तो शुभशकुनच वाटला होता.

"घाट गेरात उतरला का ब्रेकवर?"

पसरणीचा अख्खा घाट मी ब्रेकवर पाय ठेवून उतरलो होतो. सवयीची नसलेली गाडी, जपून चालवावी म्हणून.

तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, मिस्त्रींनी समजावलं. "तापवलं तुमी. आईंनी निस्तं पाणी घातलं," ते म्हणाले. "त्यांना यातलं काय सांगू नगा." आणि मग, हात पुसत, "त्या मास्तरांना मातुर सांगा."

डिस्क लेथवर तासून आणल्या, बसवल्या. मी दोनदा मित्राला फोन लावला. त्याने उचलला नाही. मला जरा सुटल्यासारखं झालं, हे मिस्त्रींना दिसलं असावं. तासलेल्या डिस्कवर पॅड बसायला गाडी फिरवावी लागते, ते म्हणाले. कुठे, असं मी विचारलं. "पाचगणीला," म्हणाले आणि शेजारी बसून डोळे मिटले.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं झाली. शेडच्या जागी फर्निचरचं दुकान आहे. मला ते आठवतात ते त्या दुपारचे.

मित्राने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. वाटेत जुळवलेलं भाषण मी सुरू करण्याआधीच मिस्त्री पुढे झाले. "मास्तर, गाडी मी खोलून बघितली. ठोकल्याली न्हाई. चालवणाऱ्यानं तापवली."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चुकलं माझं." एवढंच जमलं.

त्याने हात पुढे केला, किल्लीसाठी. घाटातून गाडी त्याने उतरवली, दुसऱ्या गिअरमध्ये. मिस्त्री त्याच्या शेजारी, मी मागे. दर वळणावर गाडी सरळ, मुकाट मंदावत होती. मिस्त्रींनी या खेपेला डोळे मिटले नव्हते. ते मास्तरांचे हात बघत होते.

वाईत शिरताना ते म्हणाले, "मला हितंच सोडा."

शेड अजून दोन किलोमीटर लांब होती आणि ऊन मी म्हणत होतं. मी तसं म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. उतरले, डोक्यावर रुमाल टाकला आणि मागे न बघता चालायला लागले.

इंजिन चालूच होतं. मिस्त्री वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघे त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

"पुढं ये," मित्र म्हणाला. "मी काय तुझा ड्रायव्हर आहे?"