छत्री घेऊन उभा एक शेतकरी

सिंदी रेल्वे या आमच्या गावात रूपरावजींना कुणी गाडीची वेळ विचारत नसे. विचारली की ते आपल्या भागात रूळ कधी पडले तिथून सुरुवात करत, आणि बोलणं आजच्या तारखेला येईपर्यंत गाडी सेलूच्या पुढे गेलेली असे.

माणूस शेतकरी. तरुणपणी रेल्वेत लागायची फार हौस होती, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. त्यांना लाल आणि हिरवा सारखाच दिसे. रेल्वेचं काही चुकलं नव्हतं, आणि त्यांनीही राग धरला नाही. पुढची चाळीस वर्षं कपाशी सांभाळून ते रेल्वेचा इतिहास गोळा करत राहिले. जुनी तिकिटं, रुळाचे खिळे, म्हाताऱ्या गँगमनांच्या आठवणी. प्रत्येक आठवणीखाली वहीत शेरा असे, 'पुरावा आहे' किंवा 'पुरावा नाही'. दूध नासलं असं बायकोनं, शकुबाईंनी, सांगितलं तरी हे आधी वास घेऊन बघत.

माझं स्टेशनरोडला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्यांचं पुस्तक मी सहा वर्षं टाइप केलं. दर महिन्याला एखादा पूल दोन फुटांनी लांब किंवा आखूड निघे, म्हणून सहा वर्षं.

पहिलं प्रकरण मात्र कधी बदललं नाही. ते त्यांच्या आजोबांचं, उकंडराव पाटलांचं. इंग्रजांच्या काळात एका श्रावणात नाल्याच्या पुरानं रुळाखालची माती वाहून गेली, आणि उकंडरावांनी आपला लाल फेटा हलवून मेल गाडी थांबवली. तो फेटा घरी काचेच्या चौकटीत लावलेला. आता तो मातकट झाला होता, पण रूपरावजींना त्यानं काही फरक पडत नव्हता. नाल्याजवळ त्यांच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकंडरावांच्या नावाचा दगड आहे. पंधरा ऑगस्टला त्याला हार पडे आणि शाळेची पोरं टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या आहेत.

मी घरी आले की माझी आजी, धुरपता, विचारायची, "झाल्या का टाळ्या वाजवून?"

कारण आमच्या घरी मेल थांबवली होती ती आजीच्या सासऱ्यांनी, लहानूंनी. ते गँगमन होते. आमच्या बौद्ध वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून पाटलांचं घर तीनशे पावलांवर आहे, पण एवढी बातमी तिथं पोचायला ऐंशी वर्षं लागली.

मी कॉलेजात असताना रूपरावजी वही घेऊन आजीकडेही आले होते. आजीनं खाट टाकली, चहा दिला आणि सांगितलं, "गाडी आमच्या मामंजीनं थांबवली, भाऊ. कमरेभर पाण्यात लाल झेंडी धरून. तुमचा आजा बाजूले होता, पण छत्री घेऊन. दुसऱ्या दिवशी साहेब आला तं पाटलाच्या ओट्यावर बसला. मंग हार कोनाच्या गळ्यात पडन?"

रूपरावजींनी शब्दन् शब्द लिहून घेतला. छत्रीपाशी जरा हसले. मग माझ्यासमोरच शेरा मारला, 'पुरावा नाही'. चहा मात्र पूर्ण प्यायले. पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली.

पहिलं प्रकरण टाइप करताना मला दर वेळी राग यायचा. पण मी बोलले नाही. बोलून काय करणार, पुरावा कुठं होता?

तो शेवटी त्यांनीच आणला. आजोबांच्या पराक्रमाला सरकारी कागदाची जोड हवी म्हणून चार वर्षं माहिती अधिकारात अर्ज टाकत होते. गेल्या मे महिन्यात लिफाफा आला. चौकशी अहवालाची अकरा पानं, तिरप्या अक्षरातलं जुनं इंग्रजी. इस्त्रीचा सदरा घालून ते दुकानात आले.

"वाच. हळू वाच."

मी मराठी करत वाचलं. मेल थांबवली गँगमन लहानू यानं, कमरेभर पाण्यात लाल झेंडी धरून. शाबासकीची शिफारस. त्या वेळी जवळ हजर कोण, तर छत्री घेऊन उभा एक शेतकरी. नाव दिलेलं नव्हतं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. छत्री तिथंच होती.

रूपरावजींनी अकराही पानं एकावर एक नीट लावली. मग म्हणाले, "लहानू म्हंजे तुहा पणजा."

"हो."

"मंग सहा वर्षं हे टाइप काऊन करून राह्यली होती, पोरी? एक डाव तरी सांगाचं."

"आजीनं सांगतलं होतं ना, काकाजी."

ते उठले आणि गेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या चपला दुकानाच्या पायरीवरच राहिल्या होत्या, आणि मे महिन्याच्या त्या डांबरावरून म्हातारा अनवाणी चालला होता. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या घरी महाभारत झालं. मुलगा आदेश नगरपरिषदेला उभा राहणार होता. तो म्हणाला, "चुलीत टाका तो कागद. मी मतं मागून राह्यलो, अन् तुमी आज्याच्या हाती छत्री देता!" रूपरावजींनी चौकटीतला फेटा काढला आणि धुवायला टाकला.

नवव्या दिवशी ते नवं पहिलं प्रकरण घेऊन आले. सात पानं लहानूंची. उकंडरावांना एक ओळ होती, छत्रीसकट. मी ते टाइप केलं आणि त्यांनी त्यात एकही दुरुस्ती सांगितली नाही.

दिवाळीनंतर ते गेले. पुस्तक छापून आलं तेव्हा आदेशनं एकही प्रत घेतली नाही. दगडही अजून तसाच आहे.

तेराव्यानंतर शकुबाई दुकानात आल्या आणि एक जुनी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तुले द्याले सांगतली होती त्याहीनं." आजीचं पान निघालं. तिचं सगळं बोलणं होतं तसंच होतं. खालचा शेरा तेवढा खोडलेला होता, हिरव्या शाईनं. त्यांना ती लाल वाटली असावी. त्याखाली त्यांनी नवा शेरा लिहिला होता: 'पुरावा समोर बसून बोलत होता. मी ऐकला नाही.'