हंगेरीची सुरई आणि माझा नेम

चहा गार होण्यापूर्वी माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर करीमभाई ती मीठमसाला लावून सांगतील, आणि लोकांना त्यांचेच ऐकायला आवडते.

ते कापसाचे वाईट दिवस होते. घाटंजीकडची एक जुनी जिनिंग बंद पडली आणि तिचे भंगार माझे मित्र करीमभाई यांनी उचलले. गॅरेजवाला माणूस, त्यांना हवी होती चाके आणि पट्टे. जिनिंगच्या जुन्या साहेबाच्या बंगल्यातील कपाटातून एक मातीची सुरई मात्र आपोआप पदरी पडली. हिरवी झिलई, पोटावर लाल फुले आणि मानेला चाळणीसारखी भोके.

मी ती उलटी केली, बुडाखालची अक्षरे पाहिली आणि निर्णय दिला, "ही हंगेरीची आहे. चांगली जुनी."

मी चालवतो त्या वाचनालयातला, युरोपातील मृत्पात्रांवरचा एक जाडजूड ग्रंथ मी शब्दकोश शेजारी ठेवून, कोणाच्याही मदतीविना वाचला होता. अशा प्रसंगाची मी तेव्हापासून वाटच पाहत होतो.

"असंन हंगेरीची," करीमभाई म्हणाले. "पण भोकं हायेत ना, भाऊ. गाडीच्या पत्र्याले लावतो ते लांबीची पुट्टी भरून बुजवून टाकतो. तुमची भाभी त्याच्यात मनीप्लांट लावते म्हणे."

अशा कलाकृतीला गाडीचे लिंपण? मी खुर्चीवरून उठलो.

"भोके हा दोष नव्हे, तो कुंभाराचा डाव आहे. ही मूठ आतून पोकळ आहे. तिच्यातून सुरईच्या तळापासून वाट थेट काठावरच्या या तोटीपर्यंत जाते. जाणकार तोटीला तोंड लावून ओढतो. अडाणी माणूस सुरई तिरपी करतो आणि भिजतो."

शमीमभाभी दारातून म्हणाल्या, "मंग पिऊन दाखवा. जमलं त सुरई तुमच्या वाचनालयाले. नाही त माह्या झाडाले."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची मंडळी करीमभाईंच्या अंगणात जमली. हंगेरीत अशा सुरईतून तांबडी मदिरा पितात. ती येथे शोभली नसती, म्हणून मी गुलाबाचे सरबत करवून घेतले.

"पाण्यानं नाही होत का, भाऊ?" करीमभाईंनी विचारले.

"रंगाशिवाय श्रोत्यांना कल्पना येणार नाही."

मी पांढरा सदरा घालून गेलो होतो. माती, भट्टी, झिलई, कुंभारांची घराणी, सारे क्रमाने सांगितले. करीमभाईंनी दोनदा जांभई दिली. मग मी सुरई उचलली.

आता, भांड्याला ओठ लावायचा नाही, हा माझा जन्माचा नेम. स्वतःच्या घरीसुद्धा मी तांब्या उंच धरून वरूनच पाणी पितो. तोटीला तोंड लावावे, हे ग्रंथात स्पष्ट होते. मीच ते बजावून सांगितले होते. परंतु मला वाटले, त्या कुंभाराला आपली रीत ठाऊक नसणार, एवढेच. वाट आहे म्हणजे धारही पडेल. मी मान मागे टाकली, सुरई उंच धरली आणि तिरपी केली.

तोटीतून थेंब आला नाही. भोकांतून मात्र सरबत चष्म्यावर, नाकात, कानामागे आणि सदऱ्यावर उतरले. तोटी आता वाहील, मग वाहील, म्हणून मी आणखी तिरपी केली.

"अहो भाऊ, खाली घ्या ना," करीमभाई ओरडले. "काहून पुरी रिकामी करून राह्यले?"

मी चष्मा पुसून म्हणालो, "प्रयोगात किंचित न्यून राहिले."

शमीमभाभींनी माझ्या हातून सुरई घेतली, तोटीला तोंड लावले आणि उरलेले सरबत निवांत ओढून प्याल्या. एक थेंब सांडला नाही.

"पाहा," मी म्हणालो, "माझे म्हणणे अक्षरशः सिद्ध झाले."

"झालं ना," भाभी म्हणाल्या. "जाणकार पिते, अन् अडाणी भिजते. दोन्ही दिसलं. घेऊन जा सुरई."

वाद मीच जिंकलो होतो. म्हणून सदरा पिळता पिळता मी वाचनालयाच्या वतीने आभाराचे चार शब्दही बोललो.